आईला कवितेची आवड आहे, तिला आधी न सांगता जळगावात दिवसभर फिरवायचंय. सराफ बाजार सोडून काय दाखवू?

काव्यरत्नावली चौकापासून सुरुवात करा. मला ही फेरी माझ्या भाचीनं घडवली. "मामा, गाडीवर बसा, कुठं ते विचारू नका," एवढंच म्हणाली आणि त्या चौकात नेऊन थांबवलं. तिथं तर आम्ही फिरायला नेहमीच जातो! तिनं शेजारच्या रिक्षावाल्या दादांना विचारलं, चौकाला हे नाव कसं पडलं? ते म्हणाले, "जुनं दुकान राहीन एखादं."

दुकान नव्हे, मासिक. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली जळगावातून 'काव्यरत्नावली' काढलं. आत फक्त कविता. पुढाऱ्यांच्या नावाचे चौक गावोगावी आहेत, पण कवितेच्या मासिकाच्या नावाचा चौक मी दुसरीकडे पाहिलेला नाही. जळगावची सगळ्यात मोठी साहित्यिक कलाकृती मला विचाराल तर हे नावच. त्याला ना रंग लागला ना दगड, आणि मोर्चापासून भेळेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते बसलंय. आईंना तिथंच उभं करून १९०७ची गोष्ट सांगा. त्या वर्षी जळगावात कविसंमेलन भरलं होतं. धरणगावच्या त्र्यंबक ठोंबरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं तिथं कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. पुढं १९१८ साली जवळच्याच भादली स्टेशनापाशी रेल्वेखाली सापडून ते गेले. अठ्ठाविसावंही पुरं झालं नव्हतं.

तिथून जुन्या जळगावात चौधरी वाड्यात जा. बहिणाबाईंचं सासरचं घर. आता तिथं त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. गल्ल्या अरुंद आहेत, चारचाकी लांबच लावा. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि गाण्यांचं पुस्तक १९५२ साली आलं, म्हणजे छापलेलं त्यांनी पाहिलंच नाही. वाड्यात उभं राहिलं की हे जास्त लागतं.

मधे दिसतील त्या शाळांच्या कुंपणभिंतीही बघत चला. आम्हाला एका भिंतीवर सुगरणीचा खोपा रंगवलेला सापडला. खोपा म्हणजे चक्क उलटा टांगलेला माठ होता, पण पक्ष्याचं डोकं रंगाऱ्यानं पिवळंधमक केलं होतं. भाचीला पक्ष्यांचं वेड. ती म्हणाली, खोपा विणतो तो नर, आणि विणीच्या हंगामात पिवळं डोकं त्याचंच असतं. मादी नंतर येऊन घर पसंत करते. म्हणजे बहिणाबाईंच्या खोप्याच्या कवितेत बाईला दिलेलं श्रेय रंगाऱ्यानं नकळत बाप्याला परत केलं! आम्ही भररस्त्यात हसत उभे.

आईंना उत्साह असेल तर असोदा गाठा. बहिणाबाईंचं माहेर, जळगावला लागूनच. अमळनेरला साने गुरुजी शिकवायचे ते प्रताप हायस्कूल आहे, पण ते त्याच दिवसात कोंबू नका.

उन्हाळ्यात मात्र हा बेत अजिबात आखू नका, दुपारी रस्त्यावर कावळाही दिसत नाही. डिसेंबर-जानेवारी गाठा. तेव्हा भरताची वांगी आलेली असतात, दुपारचं जेवण भरीत-पुरीचं ठेवा. आणि हो, भरीत हिरव्या मिरचीचं असतं; आईंना तिखट सोसत नसेल तर आधीच सांगून ठेवा.