बातम्या युद्धाच्या, भीती गावाकडची

"जगात एवढं सगळं पेटलेलं असताना स्वतःच्या मनावर काम करत बसायचं, हा स्वार्थीपणा नाही का?" अलीकडे हा प्रश्न मला फार वेळा ऐकायला मिळतो. विचारणारी माणसं मनानं हळवी असतात. दुसऱ्याच्या दुःखाकडे त्यांना पाठ फिरवता येत नाही, म्हणून तर प्रश्न पडतो. एका गृहस्थांची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 43, चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी. मूळ गाव धाराशिव जिल्ह्यात, सीना नदीच्या काठावर. त्यांना समुपदेशनासाठी माझ्याकडे पत्नी घेऊन आल्या होत्या. "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर युद्धाचे व्हिडिओ बघतात. पोरीच्या हातून पाणी सांडलं तरी अंगावर धावून जातात," त्या म्हणाल्या.

सुरुवात 2022 मध्ये युक्रेनच्या बातम्यांनी झाली, मग गाझा. मे 2025 मध्ये आपल्याच सीमेवर हल्ले सुरू झाले, तेव्हा त्यांनी घरात रोख रक्कम आणि किराणा भरून ठेवला. चार दिवसांत शस्त्रसंधी झाली, पण त्यांचं बघणं थांबलं नाही. कोणतं क्षेपणास्त्र किती लांब जातं हे ते मला न अडखळता सांगत होते.

मी विचारलं, "गावाकडे कसं आहे?"

"चालू आहे."

पत्नीला राहवलं नाही. "काय चालू आहे? सप्टेंबरच्या पुरात सोयाबीन गेलं, वरची माती वाहून गेली, गोठा पडला. हे एकदाही गेले नाहीत. मामंजींना फोनसुद्धा मीच करते."

ते बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "मी जाऊन काय करणार होतो, मॅडम? पाणी थांबवणार होतो?"

हजारो मैलांवरच्या युद्धाबद्दल ते तासभर बोलले, पण 'मी काय करणार होतो' हे त्यात एकदाही आलं नव्हतं. ते आलं ते बापाच्या शेताबद्दल. मला वाटतं, पूर्ण हकिगतीतली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे. थॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं चिंतेवर अनेक वर्षं काम केलं. चिंता ही बरेचदा टाळाटाळ असते, असं त्यांचं म्हणणं. डोक्यात शब्दांची चक्रं फिरत राहिली की खऱ्या भीतीचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहत नाही आणि शरीराला ती भीती पूर्ण झोंबत नाही. या गृहस्थांना युद्धाचं दुःख होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण रात्र रात्र त्या दुःखापाशी बसलं की खरवडून गेलेल्या शेताकडे बघावं लागत नव्हतं.

पहिलं काम झोपेचं. बातम्या दिवसातून एकदा, त्याही छापील वर्तमानपत्रातून. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात. आणि चिंतेसाठी ठरलेली वेळ: संध्याकाळी साडेसहा ते सात, रोज त्याच खुर्चीत. इतर वेळी चिंता आली तर वहीत एका ओळीत टिपायची आणि साडेसहासाठी राखून ठेवायची. ही पद्धतही बोर्कोव्हेक यांचीच. चिंता करू नका असं सांगून कुणाची चिंता थांबत नाही. तिला जागा आणि वेळ नेमून दिली की ती दिवसभर पसरत नाही. सुरुवातीच्या दिवसांत वहीभर युद्ध होतं. हळूहळू ओळी बदलल्या. वडिलांना ते दादा म्हणतात. 'दादांचं बीपी.' 'कर्ज कोण फेडणार.' 'आपण थोरले.'

त्या शेवटच्या ओळीवर आम्ही बराच काळ थांबलो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचा गाभा असा, की घटना आपल्याला दुःख देते, पण मोडून टाकतो तो त्या घटनेबद्दलचा आपला हट्ट. या गृहस्थांचा हट्ट असा निघाला: 'मी थोरला मुलगा आहे. घर मला वाचवता आलंच पाहिजे. नाही आलं तर मी नालायक.' असा हट्ट मनात धरून पुरानंतरच्या गावात पाऊल टाकणं म्हणजे स्वतःच्या नालायकीचा पंचनामा करायला जाणं. कोण जाईल? मी विचारलं, "घर वाचावं ही तुमची इच्छा रास्त आहे. पण सीनेला पूर येऊ नये हे थोरल्या मुलाच्या हातात कधी होतं?" उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण पटायला वेळ लागला. मग एकदा मी त्यांना डोळे मिटून शेताचं वर्णन करायला सांगितलं: बांध कुठे होता, बोअर कुठे, गोठा कुठल्या बाजूला. बोअरपर्यंत आले आणि त्यांना हुंदका आवरेना. पुरानंतर ते पहिल्यांदाच रडत होते.

त्यानंतर सुरुवातीचा प्रश्न त्यांनीच काढला. बायको म्हणते दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला जा. हा पळपुटेपणा नाही का? वडील माळकरी, म्हणून मी त्यांना तुकोबांची आठवण दिली. 1630 च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला, धंदा बुडाला. ते भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले. हा डोंगर चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला लागूनच आहे, हे गृहस्थ रोज कामावर जाताना तो बघतात. पण परंपरा पुढे जे सांगते ते मला फार मोलाचं वाटतं. डोंगरावरून परतल्यावर तुकोबांनी सावकारीची कर्जखतं काढली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, निम्मा वाटा त्याला दिला आणि स्वतःच्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. कितीतरी कुळांची देणी मिटली. आणि आपलं वैराग्य त्यांनी भावावर लादलं नाही.

मी त्यांना म्हटलं, "शिबिराला जायचं की नाही हे नंतर ठरवू. परत आल्यावर तुम्ही कुणाच्या जास्त उपयोगी पडाल, एवढं मला सांगा." आतली वाढ खरी आहे की नाही, हे जोखायला माझ्यापाशी एवढंच माप आहे. शांत होऊन आलेला माणूस घरच्यांचे फोन टाळू लागला, तर ती शांतता मला काळजीची वाटते.

शिबिराला ते अजून गेलेले नाहीत. गावाला गेले. दादा फारसं बोलले नाहीत, "आलास व्हय" एवढंच म्हणाले. दोघांनी मिळून बोअरभोवतीचा गाळ काढला. पुढच्या वेळी त्यांच्या लक्षात आलं की वस्तीवरच्या कित्येक म्हाताऱ्यांचं फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक, नाही, कुणाची ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, अडकली आहे, त्यामुळे नुकसानीचं अनुदान खात्यावर येत नाही. दिवसभर तपासणीचे तक्ते भरणाऱ्या माणसाला हे काम सोपं होतं. आता सुट्टीच्या दिवशी देवळाच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसतात.

कुणाला सलग दोन आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर वही आणि खुर्चीवर थांबू नका. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

हे गृहस्थ पूर्ण मोकळे झाले आहेत असं मी म्हणणार नाही. नव्या युद्धाची बातमी आली की एखादी रात्र अजूनही जाते. फरक इतकाच, की सकाळी ते स्वतःहून पत्नीला सांगतात. मुलीशी त्यांनी बोलून घेतलं आहे, चढ्या आवाजाबद्दल तिची माफी मागितली आहे. सध्या आमचं काम जमिनीच्या प्रश्नावर चालू आहे. दादांना ती विकायची नाही आणि यांना ती परवडत नाही. हे बोलणं दोघांनी समोरासमोर बसून करायचं आहे, आणि त्याची तयारी ते साडेसहाच्या खुर्चीत करतात.