दारू सुटली, गोळी सुटेना

प्रश्न : माझ्या यजमानांनी आठ महिन्यांपूर्वी बेळगावात उपचार घेऊन दारू सोडली. तेव्हा दहा दिवसांसाठी दिलेल्या गोळ्या ते जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून अजूनही आणतात, आणि रात्री एकीच्या जागी आता तीन लागतात. मध्यंतरी गोळ्या संपल्या, तेव्हा हात कापू लागले, दरदरून घाम सुटला, दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. एक व्यसन जाऊन दुसरे लागले का? मी गोळ्या लपवून ठेवू का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, गोळ्या लपवू नका आणि एकदम बंदही करू नका. तुमच्या वर्णनावरून ही गोळी क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम यांसारखी, बेंझोडायझेपिन गटातली असावी. दारू अचानक थांबल्यावर झटके येऊ नयेत, भ्रम होऊ नये म्हणून ती देणे योग्यच होते. मात्र मेंदूला शांत करणाऱ्या ज्या यंत्रणेवर दारू काम करते, तिच्यावरच ही गोळीही काम करत असल्याने ती साधारण आठवडा-दहा दिवसांत उतरत्या मात्रेने थांबवायची असते. महिनोन्‌महिने घेतल्यास शरीराला तिची सवय होते, मात्रा वाढत जाते आणि ती अचानक तोडल्यास जिवावर बेतणारे झटके येऊ शकतात. तुमच्या यजमानांचे कापणारे हात हीच सूचना देत होते. त्यांना दोष देऊ नका; दहा दिवसांनंतर त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही, हे मला अधिक खटकते.

यांपैकी क्लोरडायझेपॉक्साइड आणि डायझेपाम २०१४पासून लागू झालेल्या ‘एच-१’ या कडक नियंत्रणाच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. या यादीतली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी लागते. तेव्हा जुनी चिठ्ठी पुन्हा पुन्हा चालवून घेणे म्हणजे उपकार नव्हे, हे ओळखीच्या मेडिकलवाल्यालाही सांगायला हवे.

मात्रा मनोरुग्णतज्ज्ञच उतरवतील : बहुधा दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, रुग्णाला झेपेल तशी. यात काही महिने जातात. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्या, कारण औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम पाहिल्याशिवाय हिशेब बसत नाही.

व्यसनमुक्तीची सगळीच औषधे अशी नसतात. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकाम्प्रोसेट यांची सवय लागत नाही. दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून दिल्या जाणाऱ्या डायसल्फिरामचीही लागत नाही, पण ते नवऱ्याच्या नकळत चहातून देण्याचा जो सल्ला गावोगावी मिळतो तो कृपया ऐकू नका; त्यावर दारू पोटात गेली तर प्राणावर बेतू शकते. ब्युप्रेनॉर्फिनची गोष्ट आणखी वेगळी आहे. अफू-हेरॉइनच्या व्यसनात ते वर्षानुवर्षे द्यावे लागते, शरीर त्यावर अवलंबून राहते, तरीही मृत्यूचा धोका घटतो आणि माणूस कामाधंद्याला लागतो. म्हणून तेही घाईने तोडू नये.

भेट मिळेपर्यंत गोळ्यांची किल्ली तुमच्याकडे असावी, पण यजमानांच्या संमतीने. सध्याची मात्रा वाढवू नका आणि चुकवूही नका. गोळीवर दारू प्यायली गेल्यास श्वास मंदावू शकतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. बोलायला कोणी हवे असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. झटका आला, असंबद्ध बडबड सुरू झाली किंवा उठवूनही जाग येत नसेल, तर वाट न पाहता १०८ला फोन करा.