सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं: टू बीएचकेमधला हॉल कसा लावावा?
सोफा घेण्याआधी सासू-सासऱ्यांना दुकानात नेऊन त्यावर बसवा आणि उठायला सांगा. हल्लीचे खोल, मऊ सोफे दिसतात छान, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठताना हात द्यावा लागतो. बैठक जमिनीपासून साधारण १८ इंच उंच, गादी घट्ट आणि दोन्ही बाजूंना भक्कम हात हवेत, कारण उठताना सगळा भार त्यांवरच येतो. निदान एक खुर्ची तरी अशी हवीच.

काचेचं सेंटर टेबल नको. मधली जागा मोकळी ठेवा. मुलं तिथेच खेळणार आणि गणपतीत पंगतही तिथेच बसणार. भिंतीलगत आत साठवण असलेला दिवाण लावा, म्हणजे दुपारी सासऱ्यांची वामकुक्षी, रात्री पाहुण्यांची झोपायची सोय आणि आत गाद्या-चादरी.

सासू-सासऱ्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत ३ फूट रुंद वाट मोकळी हवी. तिथे कडा उचललेला गालिचा किंवा पसरलेली वायर अजिबात नको. रात्रभर छोटा दिवा चालू ठेवा.

टीव्हीवरून खटके उडणारच. अभ्यासाचं टेबल हॉलबाहेर काढा आणि सासूबाईंना कमी ऐकू येत असेल तर ब्लूटूथ हेडफोन घ्या.