जळवा उन्हाळ्यात जातात कुठे, आणि मीठ का टाकू नये

प्रश्न असा आहे: हिप्परगा तलावाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरतं, मग पहिल्या पावसानंतर म्हशींच्या पायाला एवढ्या जळवा येतात कुठून? आणि मीठ टाकून काढलेल्या चालतात का?

पाणी हटतं तशी गुरांची जळू ओल्या गाळात शिरून पडून राहते. गाळ पार वाळला तर मात्र मरते, कारण अंगावर कवच नाही. म्हणून भेगाळलेल्या काळ्या मातीत शोधू नका. पाण्याच्या अगदी कडेचे, अर्धे रुतलेले दगड उलटा. पाठ शेवाळी हिरवी, मधून काळा पट्टा, पोट नारिंगी. ती अंडीही पाण्यात घालत नाही. शरीराच्या 9 ते 11 व्या खंडांभोवती अंड्यांचा फेसाळ कोश तयार होतो, त्यातून ती मागे सरत डोकं काढून घेते आणि कोश काठच्या ओलसर मातीत राहतो. वाळला की बाहेरून स्पंजसारखा, जेमतेम इंचभर. एकातून 1 ते 24 पिल्लं निघतात.

दगडाखाली सेंटिमीटरभर, चपटी, पोटाला पिल्लं चिकटलेली जळू दिसली तर दगड होता तसा ठेवा. ती गोगलगायींवर जगते, तुमच्या म्हशीशी तिचं काही देणंघेणं नाही.

आता मीठ. मीठ, तंबाखू, चुना, कशानेही जळू गळून पडते खरी, पण पडता पडता पोटातलं जखमेत ओकू शकते. तिच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जिवाणू असतात. तिला उपयोगी, जखमेला नाहीत. निमुळतं टोक म्हणजे तोंड. नख कातडीला सपाट टेकवून तिथून बाजूला सरकवा, मग मागचा मोठा चूषक (चिकटून धरणारी वाटी) सोडवा. बहुतेक जण उलटं करतात: जाड टोक ओढतात आणि तोंड तसंच चावत राहतं. नंतर जखम धुवा, स्वच्छ फडकं 10-15 मिनिटं दाबून धरा. तीन फाट्यांच्या खुणेतून रक्त काही तास झिरपलं तर घाबरू नका, लाळेतल्या हिरुडिनमुळे ते गोठत नाही. म्हशीच्या नाकात शिरली असेल तर मात्र चिमटा घालू नका, पशुवैद्याला बोलवा.

निरीक्षणासाठी बरणीत ठेवायची असेल तर तळ्याचंच पाणी घ्या, नळाचं क्लोरीनवालं नको. सुश्रुतसंहितेतलं वेळापत्रक आजही चालतं: दर 2-3 दिवसांनी पाणी, 7 दिवसांनी भांडं बदलायचं. बरणी सावलीत ठेवा आणि तोंडाला फडकं घट्ट बांधा. काचेवरून ती सहज चढते.