मोफत, फुकट की मुक्त?

दांडिया बाजारातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या मंडळाच्या वाचनालयात दोन जुने संगणक आहेत. त्यांवर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आणि पत्रं-हिशेब लिहायचं लिब्रेऑफिस टाकून घेतलं, आता भिंतीवर फलक लावायचा आहे : 'येथील सर्व सॉफ्टवेअर मोफत आहे.' एका सभासदाने हरकत घेतली, 'मोफत' खोडा, 'मुक्त' लिहा. दुसरे म्हणाले, दोन्हींचा अर्थ एकच. ताई विचारतात, खरं कोणाचं?

हरकत घेणाऱ्यांचं.

'मोफत' हा फारसी 'मुफ्त'वरून आलेला शब्द. आपले गुजराती शेजारी 'मफत' म्हणतात आणि आपण बडोदेकर मराठी बोलतानाही कितीदा तेच म्हणून जातो. अर्थ एवढाच, की दाम द्यावा लागत नाही. शब्द चांगला मानाचा आहे. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, ते मोफत होतं. तिथे दुसरा शब्द चालणार नाही, कारण तिथे प्रश्न फीचाच होता. 'फुकट'चं तसं नाही. तो दामाबरोबर वस्तूची किंमतही काढून घेतो : फुकटचा सल्ला, दिवस फुकट गेला. गुजरातीतला 'फोगट' तर बहुतेक वेळा 'व्यर्थ' याच अर्थाने येतो. फलकावर तो नकोच.

'मुक्त'ची जात वेगळी. 'मुच्' म्हणजे सोडणे, त्यावरून मुक्त म्हणजे बंधनातून सुटलेला. आपला घरगुती 'मोकळा' हाही प्राकृतातून त्याच कुळातून उतरलेला आहे, आणि गुजरातीतलं 'मोकळुं' त्याचं सख्खं भावंड. इथे दामाचा संबंधच येत नाही. मोकळं मैदान, मोकळे केस, मोकळं मन : यांतलं काहीही 'मोफत' म्हणून पाहा, लगेच खटकेल.

आता मुक्त सॉफ्टवेअरच्या मूळ कल्पनेकडे. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली असं सॉफ्टवेअर घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातून पुढे आलेल्या व्याख्येत वापरणाऱ्याच्या चार स्वातंत्र्यांची हमी आहे. मला त्यांना 'मोकळिकी' म्हणायला आवडतं. आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, हव्या त्या कामासाठी चालवायची मोकळीक, ती आतून कशी चालते हे वाचून आपल्या सोयीने बदलायची मोकळीक, तिच्या प्रती इतरांना द्यायची मोकळीक आणि आपण बदललेली प्रतही वाटायची मोकळीक. चारही पुन्हा वाचा, पैशाचा शब्द कुठेही नाही. असं सॉफ्टवेअर विकायलासुद्धा परवानगी आहे. उलट पीडीएफ वाचायचा ॲक्रोबॅट रीडर मोफत मिळतो, पण त्याच्या आत डोकावता येत नाही. म्हणजे मोफत आहे ते मुक्त असेलच असं नाही, आणि मुक्त आहे ते मोफत असलंच पाहिजे असंही नाही.

'मुक्तद्वार भोजन' हा शब्द इथे फार उपयोगी पडतो. पंगतीत कोणीही बसावं, पोटभर जेवावं, पैसे कोणी मागत नाही. पण मुदपाकखान्यात पाऊल टाकता येत नाही. मोफत सॉफ्टवेअर ही अशी पंगत. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मुदपाकखान्याचं दारही उघडं असतं : आमटीत काय घातलंय ते बघा, तिखट कमी करा, तीच आमटी आपल्या घरी करून शेजाऱ्यांना वाढा. लिब्रेऑफिसच्या मराठी मेनूतला एक शब्द मला खटकत होता, तेव्हा त्याजागी दुसरा मला स्वतःला सुचवता आला. माझ्या भाषेचा शब्द कोणता असावा, यात मला बोलता आलं. तेव्हापासून 'मोफत' हा शब्द त्यासाठी मला अपुराच वाटतो.

गोंधळ मुळात इंग्रजीतला. तिथे 'फ्री' या एकाच शब्दात मोफत आणि मुक्त दोन्ही बसतात. तो टाळायला काही जणांनी 'लिब्रे' हा फ्रेंच-स्पॅनिश शब्द जवळ केला. त्याचा अर्थ निखळ मुक्त. १९९८ साली 'ओपन सोर्स' ही संज्ञा पुढे आली, तिच्यामागेही हे एक कारण होतं. एकाच घराण्यात दोन्ही शब्द नांदले : आधीचं ओपनऑफिस, त्यातून २०१० साली निघालेलं लिब्रेऑफिस. आपल्याकडे दोन वेगळे शब्द तयार असताना इंग्रजीची अडचण आपण का ओढवून घ्यायची?

आपली अडचण दुसरी आहे. मराठीत 'मुक्त' हा 'ओपन'साठीही रुळला आहे. मुक्त विद्यापीठ हे त्याचं ठळक उदाहरण. म्हणून 'ओपन सोर्स'ला 'मुक्तस्रोत' म्हणतात. 'खुला स्रोत' शब्दशः जवळचा असला, तरी 'मुक्तस्रोत' जिभेवर बसला आहे, तो हलवू नये असं माझं मत. वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर भर असेल तर 'मुक्त सॉफ्टवेअर', मूळ संहिता (सोर्स कोड) उघडी असण्यावर असेल तर 'मुक्तस्रोत' : एवढा भेद पाळला तरी पुरे.

तेव्हा ताई, फलक असा करा : 'येथील संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर आहे. वापर मोफत. प्रत हवी असल्यास पेन ड्राइव्ह घेऊन या.' दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतील, आणि तिसऱ्या वाक्यामुळे 'मुक्त' म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागणार नाही. कुठे 'मुक्तस्रोत' घालणार असाल तर 'स्रोत' लिहा, 'स्त्रोत' नव्हे. 'स्रु' म्हणजे वाहणे, त्यावरून स्रोत. त्यात 'त' शेवटी एकदाच येतो. रंगाऱ्याला हा शब्द कागदावर लिहूनच द्या.