लाकडी मोटारींची शर्यत: सॉफ्टवेअर नंतर, आधी बाद पद्धत काढा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विट्यात मंडळातर्फे चाळीस मुलांनी बनवलेल्या छोट्या लाकडी मोटारींची शर्यत घ्यायची आहे, उतरत्या ट्रॅकला तीन लेन आहेत, गेल्या वर्षी एक्सेलमध्ये बाद पद्धत लावली आणि पालकांची भांडणं झाली, तर आता सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं आणि जुन्या लॅपटॉपवर ते चालेल का.

सांगलीत आम्ही काही जण कब-बुलबुलच्या (स्काउट-गाइडमधल्या सगळ्यात लहान गटाच्या) मुलांसाठी हा उद्योग सहा वर्षं करतोय. नाव आधीच सांगून टाकतो: डर्बीनेट. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. पण बाद पद्धत तशीच ठेवून ते बसवलंत तर तीच भांडणं होतील, फक्त मोठ्या स्क्रीनवर.

हिशोब बघा. चाळीस गाड्या, तीन लेन, म्हणजे पहिल्या चौदा फेऱ्यांत सव्वीस पोरं बाद. त्यांनी महिनाभर घरच्यांना सुताराकडे पळवलेलं असतं आणि गाडी पळते किती, तर तीन सेकंदांच्या आसपास. त्यात तिन्ही लेन कधीच सारख्या नसतात. बैलगाडी शर्यतीत चिठ्ठीत कुठला तास (म्हणजे पळायचा पट्टा) आला यावर आपल्याकडे निम्मी चर्चा होते की नाही, तसंच हे. आमची तिसरी लेन पहिली दोन वर्षं मंद होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. सॉफ्टवेअर आल्यावर लेनवार सरासरी काढली तेव्हा उघड झालं. खाली वाकून बोट फिरवलं तर एका सांध्यावर फेविकॉलचा वाळलेला थेंब, मसुराच्या डाळीएवढा. त्या दोन वर्षांत तिसऱ्या लेनवर बाद झालेली पोरं आता कॉलेजात जातील, त्यांना काय सांगणार?

म्हणून प्रत्येक गाडी प्रत्येक लेनवर सारख्याच वेळा पळाली पाहिजे. हे कागदावरही जमतं. सात गाड्या आणि तीन लेन घ्या, लेनच्या क्रमाने असं लिहा: १-२-४, २-३-५, ३-४-६, ४-५-७, ५-६-१, ६-७-२, ७-१-३. सात फेऱ्या झाल्या. आता तपासा. प्रत्येक गाडी प्रत्येक लेनवर बरोब्बर एकदा आली आणि कुठल्याही दोन गाड्यांची गाठ बरोब्बर एकदाच पडली. मी पहिल्यांदा हे पेन्सिलने तपासलं तेव्हा खरं वाटेना म्हणून दोनदा तपासलं. चार लेनला हीच गंमत तेरा गाड्यांत जमते.

चाळीस गाड्या एकाच तक्त्यात घातल्या की चाळीस फेऱ्या होतात, जितक्या गाड्या तितक्याच. फेरीला दोन मिनिटं धरली तर ऐंशी मिनिटांत आटोपतं. मात्र तेव्हा एका गाडीची गाठ फक्त सहा जणांशी पडते, त्यामुळे पहिला-दुसरा नंबर मोजून उपयोग नाही, सरासरी वेळच धरावी लागते. म्हणजे टायमर आला. टायमर नसेल तर सात-सातचे चार गट आणि सहाचे दोन करा (सहाच्या गटात सातवा नंबर रिकामा सोडायचा), पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक गुण द्या आणि सहा गटविजेत्यांची त्याच तक्त्याने फायनल घ्या. पहिल्या वर्षी खरं तर हेच करा असं माझं मत आहे. डर्बीनेटमध्ये वेळेऐवजी क्रमांक हाताने भरून गुणांवर निकाल लावता येतो.

आता ते चालतं कसं. ते एका लॅपटॉपवर बसतं आणि वेबसाइटसारखं उघडतं. साधा वायफाय राउटर लावला की बाकीचे आपापल्या मोबाईलच्या ब्राउजरमध्ये तोच पत्ता टाकून जोडले जातात, इंटरनेट लागत नाही. एकजण दारात नोंदणी करतो, एकजण गाडीचा फोटो काढतो, टीव्हीवर चालू फेरी दिसते. सुरुवातीचे पासवर्ड ठरलेले येतात, ते आधी बदला. आमच्याकडे सातवीतल्या एका बहाद्दराने इंटरनेटवर शोधून मुख्य पासवर्ड टाकला आणि स्वतःच्या गाडीचं नाव बदलून ‘रॉकेट महाराज’ केलं. तो पासवर्ड म्हणजे कबचं इंग्रजी ब्रीदवाक्य, ‘डू युअर बेस्ट’, सगळी अक्षरं सलग. दुसरा एक आहे ‘मर्फी’. डॉन मर्फी हे कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचचे कबमास्टर. मुलगा मोठ्या, आत बसून उतारावरून न्यायच्या पेटीगाड्यांच्या शर्यतीसाठी वयाने लहान पडत होता, म्हणून त्यांनी १९५३ मध्ये ही छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत सुरू केली. तिकडे तिला पाइनवूड डर्बी म्हणतात.

नावांच्या बाबतीत एक आग्रह: मुलांची नावं मराठीत भरा. यादी एक्सेलमधून घेता येते, पण सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा, साधं सीएसव्ही केलंत की टीव्हीवर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसेल. आमच्याकडे दिसली होती, पाहुण्यांसमोर.

टायमर विकत घ्यायचा तर परदेशातून मागवावा लागतो आणि कस्टमसकट तो अंगावर येतो. आम्ही आर्डुइनोवर (प्रोग्राम घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड) केला. शेवटच्या पट्टीशी प्रत्येक लेनच्या वर एक एलईडी, खाली ट्रॅकमध्ये प्रकाश ओळखणारा सेन्सर, सुरुवातीच्या फाटकाला मायक्रोस्विच. आयटीआयच्या पोरांनी दोन रविवारांत जोडला. डर्बीनेटला समजणारा आर्डुइनो प्रोग्राम तयार मिळतो, नव्याने काही लिहू नका. टायमरची यूएसबी वायर ज्या लॅपटॉपवर डर्बीनेट बसवलंय त्यालाच लावा आणि क्रोममध्ये पत्ता ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे हाच लॅपटॉप) टाकूनच उघडा. दुसऱ्या मशीनवर साध्या पत्त्याने उघडलं तर ब्राउजर सुरक्षेच्या कारणाने वायरशी बोलतच नाही. यात आमचा एक अख्खा शनिवार गेला.

आणि ऊन. तिसऱ्या वर्षी सकाळी सगळं चोख चाललं. साडेतीनला पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप शेवटच्या पट्टीवर आली आणि पहिल्या लेनवरून गाडी गेली तरी सेन्सरला काही कळेना, कारण सावलीच पडत नव्हती. पालकांना वाटलं आम्हीच काहीतरी दाबतोय. तेव्हापासून शेवटच्या पट्टीवर काळ्या कार्डशीटचा बोगदा असतो, आणि मंडपातला हॅलोजन तिकडे फिरवायला मनाई.

वजनाचं भांडण सॉफ्टवेअर सोडवत नाही. मूळ नियम पाच औंसांचा आहे, म्हणजे १४१.७ ग्रॅम. आम्ही सरळ १४० ठेवलंय. किराणा दुकानाचा काटा चालणार नाही. सराफ कट्ट्यावरून ओळखीच्या दुकानाचा काटा दिवसभरासाठी आणतो, विट्याला तर सोनारांची वाण नाही. तोच काटा शेवटचा, घरच्या काट्यावर किती भरलं होतं हे ऐकून घ्यायचं नाही. वजन भरायला नट-वायसर द्या. गळाला लावायचं शिसं काही जण आणतात, ते मुलांच्या हातात देऊ नका. लाकूड म्हणाल तर कुपवाड एमआयडीसीत मशिनरीच्या खोक्यांचं पाइन मिळतं, हलकं असतं आणि पोरांना कानसीने घासता येतं. सागवान नको.

पैसे देऊन घ्यायची विंडोजवरची सॉफ्टवेअरंही आहेत, ग्रँडप्री रेस मॅनेजर त्यातलं जुनं नाव. वाईट नाही, पण चाळीस मुलांसाठी खर्च करावा असं मला वाटत नाही.

लाईट जाणार हे धरूनच चला. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते, आणि राउटर बंद पडला की सगळे मोबाईल एकदम आंधळे. राउटर इन्व्हर्टरवर लावा. दर दहा फेऱ्यांनी निकालाची फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि वेळापत्रकाची एक छापील प्रत फाटकावरच्या माणसाकडे ठेवा.

लॅपटॉपचं म्हणाल तर आमचा दहा वर्षांचा आहे, ४ जीबीचा. त्याचा पंखा ट्रॅकपेक्षा जास्त आवाज करतो, पण आजवर एकदाही अडकलेला नाही. फक्त त्या दिवशी विंडोज अपडेट बंद करून ठेवा.