एम-वनचा बॅक आणि बंद खोली

ताई, पत्र मिळालं. जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम पहिली येणारी लेक पुण्यात इंजिनिअरिंगला गेली आणि पहिल्याच सेमिस्टरला एम-वनचा, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरचा, बॅक राहिला; त्यात नापास झाली. आता ती म्हणते, 'हे आपल्यासारख्यांचं काम नाही.' तुम्ही विचारताय, परत आणून बी.ए.ला घालू का?

बी.ए.ला नावं ठेवत नाही, पण एवढ्यावरून नको. तुमचं एक वाक्य मी दोनदा वाचलं: 'रात्री दोनपर्यंत एकटीच बसते, हसतील म्हणून कुणाला विचारत नाही.' दुखणं तिथंच आहे.

अमेरिकेत बर्कलीला 1970च्या दशकात गणिताचे अभ्यासक युरी ट्राइजमन यांनी नेमकं हेच पाहिलं. कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये मागे पडत. कारण विचारलं की प्राध्यापक म्हणत, तयारी कच्ची, घरी वातावरण नाही. प्रत्यक्षात ती मुलं तासन्‌तास एकटीच घोटत होती. चिनी वंशाची मुलं मात्र संध्याकाळी जेवता जेवता एकमेकांची गणितं तपासायची.

मग फ्रीमन ह्राबाउस्की. बारा वर्षांचे असताना, 1963 मध्ये, अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमला वर्णभेदाविरुद्धच्या मुलांच्या मोर्चात गेले म्हणून पाच दिवस तुरुंगात होते. पुढे गणिती झाले. बाल्टिमोरजवळच्या मेरीलँड विद्यापीठात त्यांनी 1988 मध्ये मायरहॉफ शिष्यवृत्ती उभी केली. पहिलं सेमिस्टर सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात मुलं एकत्र राहतात, गटानं अभ्यास करतात, लवकरच प्रयोगशाळेत जातात. शिकवणी तिथं नापासांचीच नसते. बरे गुण असलेलेही घेतात. किझ्मेकिया कॉर्बेट याच मुशीतल्या, 2008च्या पदवीधर. कोविडच्या मॉडर्ना लशीमागच्या संशोधनात त्या आघाडीवर होत्या.

तिथं गट विद्यापीठानंच बांधून दिले. आपल्याकडे हे लेकीलाच करावं लागणार, आणि हे न्यायाचं नाही, मलाही कळतं.

तिला सांगा, होस्टेलवरच्या दोघी-तिघी गाठ. आठवड्यातून दोन संध्याकाळ मेसनंतर एकत्र बसा. गणित आधी आपापलं सोडवायचं, मग एकीनं फळ्यावर समजावायचं, खुशाल मराठीत. सरांकडे जाताना 'काहीच कळलं नाही' म्हणू नये. वही उघडून बोट ठेवावं, 'सर, या तिसऱ्या पायरीला अडले.' पहिल्यांदा जीभ जड होईल. होऊ दे.

ब्रँच, कॉलेज, बी.ए. हे सगळं पुढच्या निकालानंतर बोलू. बॅकच्या परीक्षेचा फॉर्म तिनं भरलाय का, तेवढं आज रात्रीच फोन करून विचारा.